घर दाखवायचं होतं

दलालानं पहिल्याच दिवशी भिंतीवरचा बाबांचा फोटो काढायला सांगितला.

‘ताई, हार घातलेला फोटो समोरच्या खोलीत नका ठेवू. गिऱ्हाईक दारातून पाय टाकते आन पहिले थेच दिसते त्याले. मंग घर कितीई चांगलं असो, मन उतरते.’

मला राग आला. मला राग यायला फार काही लागत नाही, हे आमच्या घरात आणि शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. काखेत हेल्मेट, गालात तंबाखूचा खर्रा, आणि हा माणूस माझ्या बापाला भिंतीवरून उतरव म्हणतो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दिवाणावरून आई म्हणाली, ‘काढ बाई. तसंही त्यांना हारबीर कधी आवडला नाही.’

मी स्टुलावर चढून फोटो काढला. आईनं त्यावरचा चंदनी हार सोडवला, काच पदरानं पुसली आणि फोटो टॉवेलात गुंडाळून आपल्या उशाशी ठेवला. दलाल म्हणाला, बस, आता कसं मोकळं वाटून राहिलं. मला काही मोकळं वाटलं नाही.

अमरावतीतलं हे घर बाबांनी बांधलेलं. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. मास्तर लोकांनी मिळून बडनेरा रोडच्या बाजूला प्लॉट घेतले, तेव्हा तिकडे नुसत्या कपाशीच्या पऱ्हाट्या होत्या म्हणे. पुढे वरांडा, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी आणि एक लांबट खोली. बाबा गेले आणि आई तिथं एकटी राहू लागली. मी अकोल्याला, भाऊ बंगलोरला. एकटीचं बरं चाललं होतं. मग एका सकाळी ती न्हाणीघरात घसरली आणि दूधवाला बेल वाजवून वाजवून शेवटी मागच्या दारानं आत येईपर्यंत ओल्या फरशीवर पडून राहिली. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. माझी झोप मात्र उडाली ती उडालीच.

भाऊ फोनवर म्हणाला, आता तिला तुझ्याकडे ने आणि घर विकून टाकू. कुलूप लावून ठेवलं असतं, तर वाळवीनं खाल्लं असतं, आणि आईच्या हातात किल्ली राहिली असती तर दर आठवड्याला अकोल्याहून पॅसेंजर धरून ती बडनेऱ्याला उतरली असती. मी तिला ओळखते. तेव्हा विकायचं ठरलं. म्हणजे आम्ही दोघांनी ठरवलं.

आईनं हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. विचारलं की एकच बोलायची, ‘पाहा बाप्पा तुमचं तुमी.’ आमच्याकडे या एका वाक्यात होकार, नकार, रुसवा, आशीर्वाद, सगळं बसतं. ऐकणाऱ्यानं आपल्याला हवं ते घ्यावं. मला तेवढ्यावर घर विकायचं नव्हतं. कागदावर सही ती करणारच होती, आम्ही म्हणू तिथे करणार होती, पण मला सही नको होती. तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं होतं, की विका. नाहीतर उद्या ती अकोल्यात माझ्या खिडकीशी बसेल आणि मी हिला हिच्या घरातून उपटून आणलं, हे मला रोज चहा देताना दिसेल. याची मला भीती वाटत होती.

आता आईचं बोलणं कसं, ते सांगायला हवं. ती भिक्षुकाची लेक. तिच्या माहेरी शब्दांचं भारी सोवळं. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. निघालेल्याला ‘कुठे’ विचारायचं नाही. निरांजन विझवायचं नाही, शांत करायचं. तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. माझ्या लहानपणी एकदा ती बाबांना म्हणाली, तांदूळ वाढलेत, येताना घेऊन या. तर मी किती वाढले ते पाहायला डबा उघडला होता. तळाशी एक किडा फिरत होता. बाबा हसून म्हणाले, ‘तुझ्या आईच्या घरी कमी झालं की वाढतं. हे गणित मला शाळेत शिकवता येत नाही.’ आईनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मला म्हणाली, ‘घर ऐकत असते बाई. त्याच्यासमोर संपलं म्हटलं की ते खरं करून दाखवते.’

मी सरळ संपलं म्हणणारी. सासर अकोल्याचं, नोकरी अकोल्याची, सकाळची शाळा. डोक्यात कामांची भुणभुण, हातात पोळीचा डबा, तिथे कोणाला शब्द जपायला फुरसत आहे. आईच्या त्या गोष्टी मला पाठ होत्या, पण पाठ असलेलं ऐन वेळेला आठवेलच असं नाही. शाळेत रोज पाहते.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी अमरावतीला मुक्काम टाकला. ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. कूलरची गवताची ताटी बदलली, गळके नळ बदलले, मोरीतली उचकटलेली फरशी बसवून घेतली. मग स्वयंपाकघरातल्या सज्ज्यावरचं सामान उतरवलं. वर पितळेचे गंज, लोणच्याच्या बरण्या, शेवयांचा पाट, आणि परातीहून मोठा तो कोपर, ज्यात आई वर्षभराच्या पापडांचं पीठ मळायची.

‘हा देऊन टाक,’ आई म्हणाली.

‘कोणाला?’

‘भाजीवालीले. तिच्या घरी माणसं आहेत.’

आणि खरंच रोजची भाजीवाली आली तेव्हा आईनं तिला कोपर दिला. वर पाट दिला. बरण्या शेजारी दिल्या. गाद्या दिल्या. ती इतक्या सहज देत सुटली होती की मला तो रुसवा वाटला. घरच राहत नाही तर भांडी कशाला, असं काहीतरी मला ऐकवत असावी. मी भाजीवालीच्या मागे फाटकापर्यंत धावत गेले आणि कोपर परत मागून आणला. तिनं बिचारीनं दिला. पण नजर अशी टाकली की मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडून नको असलेले दोडके घेतले.

‘आणला वापस?’ आई म्हणाली.

‘मला हवाय.’

‘अकोल्याच्या तुझ्या ओट्यावर मावते का तो?’

मावत नव्हता.

मग पेंटर आला. भिंती खरवडल्या, पुट्टी भरली, पिवळट घराला फिकट निळा रंग दिला. दलालाचं म्हणणं, निळ्यात खोली मोठी दिसते. सगळं झालं, पण समोरच्या खोलीत दिवाणाच्या वर एक डाग होता, तो जाईना. बाबा शाळेतून आले की दिवाणावर मांडी घालून भिंतीला डोकं टेकवायचे आणि पेपर वाचायचे. आयुष्यभर डोक्याला खोबरेल तेल. रंग दिला की दोन दिवस सगळं साफ, आणि मग हळूहळू तो गोल वर यायचा, आमटीवर तवंग यावा तसा.

पेंटर म्हणाला, ‘तेल आहे बाई, रंगानं दबत नाही. भिंत टोचून प्लास्टर काढतो तेवढं.’

‘प्लास्टर काढायचं नाही,’ मी म्हटलं. जरा जोरातच. म्हणजे ओरडलेच. तो शिडीवर दचकला आणि डब्यातला रंग फरशीवर सांडला. आईनं आतून विचारलं, काय झालं. काही नाही, मी म्हटलं. डाग राहिला. दिवाण थोडा सरकवून त्याच्यासमोर मी एक प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली. ती कुंडी पाहून मला अजूनही लाज वाटते.

आणि गिऱ्हाइकं यायला लागली.

दलाल फोन करायचा, ताई, चार वाजता घर दाखवायचं आहे. मग माझी धावपळ. उदबत्ती लाव, मोरीत फिनाईल टाक, दोरीवरचे कपडे काढ, आईची काठी दाराआड ठेव. मला माझा स्वतःचा बघण्याचा कार्यक्रम आठवायचा. तीच घाई, तेच पोहे, तेच खोटं ऐसपैस बसणं. फरक इतकाच, की घराला कोणी चालून दाखव म्हणत नव्हतं.

पहिले आले ते नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. म्हाताऱ्या बाईनं कुंडी बाजूला केली आणि भिंतीवर बोट ठेवलं. ‘इथं ओल दिसते.’

दलाल काही म्हणायच्या आत आई म्हणाली, ‘ओल नाही बाई. ते आमच्या यांचं डोकं आहे.’

आई उठली, काठी शोधली, दाराआड सापडली. ‘ओल मागच्या खोलीत आहे. या, दाखवते.’

आणि तिनं दाखवली. कपाट मी मुद्दाम तिथे लावलं होतं, ते सरकवायला लावलं. पश्चिमेच्या झडीत पाणी कुठून आत येतं, ते सांगितलं. बोअरला मे महिन्यात पाणी कमी होतं, तेही सांगितलं. शेजारच्यांच्या चिंचेची मुळं टाकीकडे आली आहेत, तेही. ती मंडळी पाणी पिऊन गेली, ती गेलीच.

दुसऱ्यांनाही तसंच. तिसऱ्यांच्या वेळी दलालानं मला वरांड्यात बोलावलं. ‘ताई, राग नका मानू. गिऱ्हाईक येते तवा काकूले मंदिरात नेत जा. अशानं घर कसं जाईन?’

मी आत जाऊन आईला सुनावलं. घर विकायला काढलं की कोणी त्याची दुखणी सांगत बसतं का, असं म्हटलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

‘तुले पाहायला आले होते तेव्हा मी काय सांगितलं होतं?’ ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं. मी पोहे आणायला आत होते.

‘मी सांगितलं, पोरगी तापट आहे. पटकन बोलते. पण रागाच्या भरात वरण जळू देणार नाही. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, चालते. केलं ना पसंत?’

मला हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्हीचा राग आला. कारण मला तोवर पक्कं वाटायला लागलं होतं, की ही हे सगळं मोडण्यासाठी करते आहे. तोंडानं नाही म्हणायचं नाही, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ओल दाखवून परत पाठवायचं. माझी आई अशीच आहे. तिनं बाबांना कधी नाही म्हटलं नाही आणि बाबांच्या मनासारखंही फारसं कधी होऊ दिलं नाही.

मग ते दोघं आले. तो बडनेऱ्याला रेल्वेत, ती घरी शिवणकाम करणारी. तिनं भिंतीकडे पाहिलं नाही, मागच्या लांबट खोलीत गेली आणि खिडकीपाशी उभी राहिली. ‘इथं मशीन ठेवता येईल,’ ती नवऱ्याला म्हणाली, ‘दुपारी लाइट लावायचं काम नाही.’ आईनं तिला ओल दाखवली. ती म्हणाली, ‘काकू, आमच्या क्वार्टरात तर छतातून पडते.’ आई हसली. मग दोघी मोरीपाशी टाकीचा व्हॉल्व्ह पाहायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

पुढच्या रविवारी ते बोलणी करायला आले. दलालानं मध्ये बसून दोन्हीकडचं जमवलं. फोनवर भाऊ हो म्हणाला. मी हो म्हटलं. तो रेल्वेवाला घाम पुसत म्हणाला, आमची एवढीच ऐपत आहे, याच्या वर जमत नाही. ठीक आहे, मी म्हटलं. आणि मग दलालाला काय सुचलं कोण जाणे, तो आईकडे वळला.

‘काकू, घर तुमचं. तुमचं काय म्हनणं हाये?’

इतके दिवस मी हेच विचारत होते. आई दिवाणावर बसली होती, पाठ त्या डागाला टेकून. तिनं समोरच्या दाराकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग हळू म्हणाली, ‘वाढवा आता. लय झालं.’

रेल्वेवाल्याचा चेहरा पडला. ‘काकू, आता आणखी कुठून वाढवू? आम्ही आधीच ऐपतीच्या वर गेलो.’ बायकोनं त्याचा हात धरला. तो उठलाच. दलाल दोघांच्या मागे फाटकापर्यंत गेला आणि परत येऊन मला म्हणाला, ‘बोलनी झाल्यावर असं करतेत का ताई? मले तर काई समजून नाई राहिलं.’ तोही गेला.

माझं डोकं फिरलं. मी आईला काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तुला विकायचंच नाही तर तोंडानं सांग. माझी सुट्टी गेली, माझी कंबर गेली, लोकांसमोर माझी शोभा केलीस. न्हाणीघरात पडून राहायचं आहे ना तुला, राहा मग. हे शेवटचं मी म्हटलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. ‘बरं,’ एवढंच म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘तिची इच्छा नाही, दिसतंच आहे. सोड आता.’ मी दलालाला कळवलं, की सध्या राहू द्या. फोन ठेवला आणि मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. घर राहणार होतं. डाग राहणार होता. पण मग आईचं काय, हा प्रश्न तसाच समोर येऊन बसला, आणि सुटल्यासारखं वाटणं चहा होईपर्यंतही टिकलं नाही. तिला एकटीला ठेवून मी शाळा कशी करणार, सकाळी फोन लागला नाही तर काय करणार. रात्रभर तेच.

दुसऱ्या दिवशी साखर आणायला गल्लीच्या टोकाशी गेले. तिथला किराणावाला उन्हाळ्यात भर दुपारी शटर ओढून जेवायला जातो. मी पोचले तेव्हा तो बाहेरची पोती आत घेत होता.

‘लवकर सांगा ताई,’ तो म्हणाला, ‘दुकान वाढवून राहिलो.’

मी त्याच्याकडे पाहत उभी राहिले. तो म्हणाला, काय पाहिजे ताई? काय पाहिजे होतं ते मला आठवेना. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. दुकान बंद करतो असं कोणी दुकानदार म्हणत नाही, वाढवतो म्हणतो. त्या रणरणत्या उन्हात, हातात रिकामी पिशवी घेऊन, मला आईचं वाक्य आत्ता ऐकू आलं. साखर न घेताच मी परत फिरले. डोक्यावर पदरही घेतला नाही.

आई कूलरसमोर चिंच फोडत बसली होती. कालपासून आम्ही कामापुरतं बोलत होतो.

‘आई, काल तू काय वाढवा म्हणालीस?’

‘काय म्हणजे? घर.’

‘घर म्हणजे, पैसे नाही?’

‘पैशाचं मी काहून बोलीन? ते तुमी बोलले होते ना सारं.’ तिनं चिंचोका काढून टोपल्यात टाकला. ‘घरात बसून घर विका कसं म्हणू? ऐकते ते. त्या दलालाले नाही समजलं तर नाही, मले वाटलं तुले समजन.’

मी खालीच बसले. ‘मग मी एवढं बोलले तेव्हा का नाही सांगितलंस?’

‘तू बोलू देते का?’ यात राग नव्हता, आणि म्हणून जास्त लागलं. मग ती म्हणाली, ‘आन मले वाटलं, तुझ्याच्यानं विकवत नाही. कोपर वापस आणला. त्या पेंटरवर ओरडली. मोडलं तर खूश दिसली मले काल. मग मी म्हटलं, राहू द्या, पोरीच्या मनात नाही.’

म्हणजे मी तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि ती माझ्या. दोघी एका घरात, एका कूलरसमोर.

‘आणि ती ओल दाखवत होतीस ते?’

‘ओल आहे तर दाखवू नको? उद्या ती बाई मले शिव्या देईन.’

‘म्हणजे तुला विकायचं आहे,’ मी म्हटलं. मला ते एकदाचं ऐकायचंच होतं.

‘वाढवायचं आहे,’ आई म्हणाली. ‘तुझे हेलपाटे पाहवत नाहीत मले. आन पडायची भीतीही वाटते आता. खोटं कशाले बोलू.’

इतके दिवस जे हवं होतं ते मिळालं. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मला एकदम दुसरंच आठवलं. बाबांना नेल्यावर याच खोलीत बायका जमल्या होत्या, आणि कोणीतरी मावशी आईजवळ येऊन म्हणाली होती, बांगड्या वाढव आता. आईनं कोणाला धरू दिलं नव्हतं. हात स्वतःच पुढे केला होता. कालचा तिचा आवाज तसाच होता. होकार होता, पण त्या जातीचा होता. मी चिंचेच्या टोपल्यापाशी बसून रडले. आईनं हात चिंचेचे म्हणून मनगटानं माझं डोकं थोपटलं आणि म्हणाली, ‘साखर कुठे आहे?’

दलालाला फोन केला. त्याला ‘वाढवा’ म्हणजे काय ते समजावताना माझी पंचाईत झाली, कारण आई ऐकत होती आणि घरही. शेवटी वरांड्याच्या बाहेर, फाटकाच्या पलीकडे जाऊन सांगितलं. तो हसून हसून खोकला. रेल्वेवाला परत आला, कागद झाले, आईनं सही केली. कोपर परत भाजीवालीकडे गेला. तिनं या वेळी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मगच हात लावला.

निघायच्या दिवशी आईनं त्या शिवणाऱ्या बाईला व्हॉल्व्ह पुन्हा दाखवला, झडीच्या दिवसांत मागची खिडकी कशी लावायची ते सांगितलं. डागाकडे बोट करून म्हणाली, ‘याले रंग लावत बसू नको, पैसे वाया जातात.’ ती म्हणाली, ‘काकू, कधीही या.’ आई म्हणाली, ‘येते बरं.’ ते तिला म्हणाली की घराला, मी विचारलं नाही. गाडीत टॉवेलातला फोटो तिच्या मांडीवर होता. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाली, भूक लागली.

अकोल्यात तिला रमायला त्रास झाला नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. आणि तसं दिसतही होतं. तिला मी उजेडाची खोली दिली. फोटो भिंतीवर लावला, हारासकट. माझ्या नवऱ्याशी तिची चांगली जमते, दोघं मिळून माझ्या रागाच्या गोष्टी सांगतात. शाळा सुरू झाली होती. सकाळी दूधवाल्याचा फोन येईल, ही भीती आता वाटत नव्हती. मला झोप लागायला लागली होती.

एका सकाळी मी वेणी घालत होते, रिक्षा खाली येऊन उभी होती, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

‘अवं, तांदूळ संपले.’

माझा हात तसाच थांबला. आयुष्यात तिच्या तोंडून मी हा शब्द ऐकला नव्हता. मला वाटलं, चुकून बोलली. मी दारात जाऊन उभी राहिले.

‘आई, वाढले म्हण ना,’ मी म्हटलं.

‘ते आपल्या घरी म्हणतात बाई,’ ती म्हणाली, अगदी सहज, आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला.